चंद्रीच्या कानातली पिवळी बुगडी

मी बिल्ला बोलतोय. गाईम्हशींच्या कानात असतो ना, पिवळा, बारा आकड्यांचा, तोच. फरक एवढाच, की माझ्यामागं आता कान उरलेला नाही. सध्या माझा मुक्काम तालुक्याच्या एका कचेरीत, खाकी लिफाफ्यात आहे. लिफाफा फायलीत, फाईल गठ्ठ्यात आणि गठ्ठा कपाटावर. पंखा लागला की वरची पानं फडफडतात आणि दर वेळी मला वाटतं, निघाली बरं का आपली फाईल.

लिफाफ्यात दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं. दुसऱ्याच्या कानात दिवस काढल्यावर एवढं तरी यायलाच हवं.

मी जात्याच काळजीखोर. ज्याला जन्माला घालतानाच 'उद्या काही बरं-वाईट झालं तर' हे काम नेमून दिलेलं असतं, तो निवांत बसणार कसा? त्यात या फायलीत एकच प्रश्न अडकलेला आहे. नीलाबाईची म्हैस खरोखर पुरात मेली की नाही? मेली असं ठरलं, तर सरकारची मदत मिळेल आणि तिरू नदीच्या काठच्या आमच्या गावात एका रिकाम्या खुंट्याला पुन्हा म्हैस उभी राहील. तसं ठरलं नाही, तर खुंटा रिकामा तो रिकामाच.

म्हैस मेली हे मला माहीत आहे. मी तिच्या कानातच होतो. पण मला विचारतो कोण?

माझा जन्म कारखान्यातला. आई कोण म्हणाल, तर साचा. एकाच साच्यातून आम्ही हजारो भावंडं पडलो, सगळी सारख्या तोंडवळ्याची. आकडा मात्र ज्याचा त्याचा. माझ्या अंगाचे दोन भाग. पुढची चौकोनी प्लॅस्टिकची पट्टी, तिच्यावर आकडे. आणि मागचं वाटोळं बटण. पुढच्या भागाचा टोकदार देठ कानातून आरपार जातो आणि मागं बटणात घट्ट बसतो. एकदा बसला की निघत नाही. काढायचाच तर देठ कापावा लागतो. एवढं नीट ध्यानात ठेवा, पुढं याच्यावरच सगळं येऊन ठेपणार आहे.

खोक्यातून खोक्यात करत मी जळकोट भागात आलो आणि डॉक्टर धम्मप्रिया यांच्या पिशवीत पडलो. या आमच्या भागातल्या जनावरांच्या सरकारी डॉक्टर. किनवटच्या वसतिगृहात राहून शिकलेल्या, पायात रबरी बूट, बोलणं गावातल्यासारखंच. दोन पावसाळ्यांमागं त्या नीलाबाईच्या गोठ्यात आल्या, तेव्हा नीलाबाई चंद्रीच्या पुढं आडवी उभी राहिली.

चंद्री म्हणजे त्यांची म्हैस. कपाळावर पांढरा चांद, म्हणून चंद्री.

"डॉक्टरीणबाई, आदी सांगा, हे कशापायी? मुक्या जीवाच्या कानाला भोक पाडून तुमाला काय मिळतंय?"

"मावशी, हा तिचा आधार हाय. लस कधी दिली, वेत कितवं, समदं ह्या नंबरावर. अन् उद्या काही बरं-वाईट झालं तर ह्या बिल्ल्याबिगर मदत भेटत न्हाई."

"बरं-वाईट कशाला व्हायलंय? तोंडानं चांगलं बोला की ओ."

एवढं बोलूनही तिनं चंद्रीचं डोकं छातीशी धरलं आणि स्वतःच डोळे मिटून घेतले. कट्ट आवाज झाला. मी कानात बसलो. चंद्रीनं एकदा मान झटकली आणि पुन्हा कडब्यात तोंड घातलं. कळवळली ती नीलाबाईच. तिनं लगेच हळद-तेल आणलं, माझ्या भोवतीनं लावलं, मागं सरून पाहिलं आणि हसली.

"अवो, बघा की," तिनं नवऱ्याला हाक मारली, "चंद्रीला बुगडी केली सरकारनं."

नवरा वीरण्णा, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलायला महाग. तो म्हणाला, "तुलाबी कर म्हनाव." त्या दिवसापासून त्या घरात मला कुणी बिल्ला म्हटलं नाही. मी बुगडी झालो. इतक्या भावंडांत असं भाग्य किती जणांच्या वाट्याला आलं असेल, ठाऊक नाही. बाकीचे बिचारे नुसते नंबरच राहिले असतील.

ते दिवस सुखाचे होते. नीलाबाई धार काढताना चंद्रीशी गावभरचं बोलायची आणि ते माझ्याच वाटेनं आत जायचं. कुणाच्या सुनेचं पटत नाही, कुणी बांध कोरला, उदगिरात सोयाबीनला काय भाव फुटला, सगळं. मुलगा सोमेश दुधाची किटली मोटारसायकलला बांधून उदगीरला रतीब घालायचा. चंद्रीचं दूध दाट. गिऱ्हाइकं त्याच्या वाटेकडं डोळे लावून असायची. शेत थोडंच, पण घराचा रोजचा गाडा त्या किटलीवर चालायचा.

चंद्रीला एकच खोड होती. बारा गावचं पाणी प्यालेली म्हैस ती. दाव्याची सुरगाठ जिभेनं ओढून सोडवायची आणि शेजारच्या रानात शिरायची. सुरगाठ म्हणजे एका ओढीत सुटणारी गाठ; आमच्याकडं जनावराला तीच मारतात. एकदा तिनं भामाबाईच्या सोयाबीनचा अख्खा कोपरा फस्त केला. भामाबाई शेजारीण, शेताला शेत लागलेलं. ती बांधावर उभी राहून जे बोलली, ते मी इथं सांगणार नाही. शेवटी म्हणाली, "म्हस सांभाळता येत न्हाई तर इकून टाक की नीले."

हे वाक्य नीलाबाईला लागलं. त्या संध्याकाळपासून ती चंद्रीला निरगाठ मारू लागली. फास आवळून वर दुसरी गाठ, ती ओढून पुन्हा पक्की. नायलॉनचा दोर, त्यात ओला झाला की आणखीच घट्ट. वीरण्णा म्हणाला होता, "जनावराला निरगाठ मारू नये." ती म्हणाली, "मग भामीच्या शिव्या तुमी खावा." तो गप्प बसला. मीही गप्प बसलो. मला दुसरं काय येतं?

आता पुढचं सांगताना माझा देठ अजून दुखतो.

भाद्रपदात पावसानं धरलं, ते सोडीचना. वीज गेली, फोन मेले. घर गावात, उंचावर. गोठा शेतात, नदीच्या अंगाला. पहाटे फटफटायच्या आत पाणी गोठ्यात आलं. आधी खुरांना लागलं, मग गुडघ्यांना. चंद्रीचे कान ताठ झाले, तिच्याबरोबर मीही ताठ झालो. वीरण्णा पाण्यातून धडपडत आला. बैलांच्या सुरगाठी त्यानं एकेका ओढीत सोडल्या. बैल पोहत बांधाकडं गेले. मग तो चंद्रीच्या दाव्याला लागला.

गाठ सुटेना. नखं लावली, दात लावले. विळा घरी राहिला होता. पाणी त्याच्या छातीशी आलं आणि तो गाठ शोधायला पाण्याखाली डोकं घालू लागला. वर यायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा खाली जायचा. बांधावरून माणसं ओरडत होती. शेवटी दोघा-तिघांनी दोर टाकून त्यालाच ओढून काढला. तो दावं सोडत नव्हता.

नीलाबाई बांधावर पोचली, तेव्हा पाण्याबाहेर चंद्रीचं नाक आणि दोन कान एवढंच उरलं होतं. एका कानात मी. पिवळा रंग लांबून दिसतो, म्हणूनच आम्हाला पिवळं करतात. ती माझ्याकडंच बघत होती. मग मीही पाण्याखाली गेलो. चंद्री तोंड गावाच्या वाटेकडं करूनच गेली, एवढं मी सांगू शकतो. बाकी माझ्यानं सांगवत नाही.

पाणी ओसरलं, तेव्हा ती खुंट्याशीच होती. बांधलेली होती ना, जाणार कुठं?

सोमेश विळा घेऊन दावं कापायला पुढं झाला, तर नीलाबाईनं त्याचा हात धरला. ती चिखलात बसली आणि ती निरगाठ नखांनी सोडवू लागली. फार वेळ लागला. नखांतून रक्त आलं, तरी कुणी तिला 'ऊठ' म्हटलं नाही. शेवटी गाठ सुटली. मेलेल्या म्हशीची गाठ सुटली, आणि मग ती रडली.

पूल वाहून गेलेला, त्यामुळं डॉक्टर पलीकडच्या काठाला अडकलेल्या. फोन बंद. ऊन तापायला लागलं तसं अंग फुगायला लागलं, कुत्री घिरट्या घालू लागली. या घरात जनावर उघड्यावर टाकायची रीत नाही. माणसासारखीच त्यालाही माती देतात. चिंचेजवळच्या उंचवट्यावर गड्यांनी खड्डा घेतला. मीठ कमी पडलं, तर न बोलावता भामाबाई घरातलं मीठ घेऊन आली आणि मान खाली घालून उभी राहिली. वीरण्णानं कपाळाच्या चांदावर भस्म लावलं.

आमच्याकडं दाव्यासकट जनावर मातीत घालत नाहीत. जीव बांधलेलाच राहतो म्हणतात. म्हणून दावं काढलं, म्होरकी काढली, गळ्यातलं घुंगरू काढलं. नीलाबाईची नजर माझ्यावर आली.

"हेबी काढा. हिच्या अंगावर काई म्हनून ठिवू नका."

"अव्वा, बिल्ला ऱ्हाऊ दे की," सोमेश म्हणाला. आईला तो अव्वा म्हणतो.

"बांधूनच मारली म्या तिला. आता तरी मोकळी जाऊ दे."

सोमेशनं विळ्यानं देठ कापला. माझा पुढचा भाग नीलाबाईच्या तळहातावर पडला. मागचं बटण मात्र देठाच्या तुकड्यासकट कानाच्या मागच्या केसांत रुतून बसलं. ते कुणाला दिसलं नाही. ते चंद्रीबरोबर मातीत गेलं. मी अर्धा वर आणि अर्धा खाली, असा झालो.

मायेपोटी केलेली ही चूक. कुणाला वाटलं असतं, की तिची शिक्षा पुढं वाट बघत असेल?

काही दिवसांनी रस्ता झाला आणि पंचनामे सुरू झाले. तलाठी रविकिरण आला, सोबत डॉक्टर धम्मप्रिया. रविकिरण वाईट माणूस नव्हे. झोप न झालेले डोळे, बुटांत चिखल, आणि वरून साहेबांचे एकामागून एक फोन. नीलाबाईनं मला देवळीतून काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं मला उलटंपालटं केलं.

"मावशी, हा तर कापलेला हाय."

"मग? म्हस मातीत हाय. बुगडी ही अशी."

"फोटो काढला का? बिल्ला कानात असताना?"

"फोनच मेलते समदे," सोमेश म्हणाला. "गावाला इचारा. समद्यांनी बघितलंय."

रविकिरण खाली बसला. "गाव खरंच बोलून राहिलं, मला माहीत हाय. पण मागच्या साली एकानं जितं जनावर इकलं, बिल्ला कापून आनला न् म्हने वाहून गेलं. तवापासून नियम कडक. जनावर डॉक्टरांनी बघितलं पाहिजे, कान बघितला पाहिजे. उकरावं लागंल मावशी."

नीलाबाई उठून उभी राहिली. "न्हाई."

"मावशी..." डॉक्टर बोलू लागल्या.

"इबूत लावून निजवलेल्याला उठवत नसतेत. पैशासाठी तर न्हाईच. तुमचं सरकार दिऊ नको म्हनाव."

माझा जीव टांगणीला लागला. अहो, माझं बटण खाली आहे! त्या कानामागंच आहे, केसांत! देठाला देठ लावून बघा, एका क्षणात खरं-खोटं होईल! पण मला तोंड कुठं आहे? मी पिवळा तो पिवळाच राहिलो. रविकिरणनं मला परत दिलं आणि म्हणाला, "मुदत अजून हाय. इचार करा."

घर तेव्हापासून उदास झालं. सोमेशची किटली ओसरीत पालथी पडली. उदगीरची गिऱ्हाइकं आधी विचारत राहिली, मग पिशवीतलं दूध घेऊ लागली. तुटलेलं गिऱ्हाईक पुन्हा जोडणं किती अवघड, हे त्याला ठाऊक होतं. तो आईवर चिडायचा आणि चिडल्यावर स्वतःच शरमायचा. वीरण्णा कुणाचीच बाजू घेत नव्हता. त्याच्या हाताला दोराचे वळ होते. ते बघत बसायचा. देवळीत घुंगराशेजारी पडून मी मुदतीचे दिवस ऐकत होतो. कुणी आलं की तोच विषय. अमक्याला मिळाली, तमक्याचा अर्ज परत आला.

भामाबाईही एकदा आली. दारातच टेकली. "नीले, माझं ऐक. म्या बोलले नसते तर तू निरगाठ मारली नसतीस. आता माझ्या डोस्क्यावर तेवढं ओझं ठिवू नको. उकरू दे."

"तुझं काई ओझं न्हाई," नीलाबाई म्हणाली. "गाठ माझ्या हातची हाय."

आणि पुन्हा चुलीकडं तोंड. मला वाटलं, संपलं. आता कुणीही हिचं मन वळवू शकणार नाही.

ते वळवलं एका संदेशानं. मुदत संपायला एकच दिवस उरला होता. सोमेशचा फोन वाजला, त्यानं वाचलं आणि कडवट हसला.

"काय झालं?" नीलाबाईनं विचारलं.

"लाळ्या-खुरकुताची लस आलीया. तुमच्या म्हशीला टोचून घ्या म्हनून. नंबर चंद्रीचा."

"त्यास्नी कळलं न्हाई व्हय, म्हस गेली म्हनून?"

"कुनाला, सरकारला? सरकारच्या फोनात चंद्री हाय तशी हाय. आपल्याच गोठ्यात, आपल्याच खुंट्याला."

नीलाबाईच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. तव्यावरची भाकरी करपली, तरी तिला भान नव्हतं. मग ती देवळीपाशी आली, मला उचललं आणि माझ्या आकड्यांवरून अंगठा फिरवला. तिला वाचता येत नाही. तरी तिनं बाराच्या बारा आकड्यांवरून अंगठा फिरवला.

"डॉक्टरीणबाईला फोन लाव."

सोमेशनं लावला. नीलाबाईनं एवढंच विचारलं, "बाई, हा नंबर कापल्याबिगर माझी म्हस सुटत न्हाई का?"

पलीकडून धम्मप्रिया म्हणाल्या, "नोंदीत ती तुमच्याकडंच ऱ्हाती, मावशी. लस, गाभ, समदं तिच्या नावानं इचारत ऱ्हातील. म्या मेलेली बघितली तरच मला नंबर बंद करता येतो."

"म्हंजे म्या दावं सोडलं, म्होरकी सोडली, न् हे एक तसंच ऱ्हायलं."

"हाव."

"मग या उद्या. उकरा. पैसे द्या न्हाईतर दिऊ नका. तिला सोडा."

वीरण्णानं हे ऐकलं आणि खोरं काढून दाराशी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे चिंचेजवळ जमले. नीलाबाईनं मला पदराच्या शेवाला बांधून आणलं होतं. इकडं पदराची गाठ आणि तिकडं माझ्या उरातली धाकधूक. कान राहिला असेल ना? एवढ्या दिवसांत बटण गळून मातीत गेलं असेल तर? सापडलंच नाही तर लोक म्हणतील, बघा, उकरूनही काही निघालं नाही. मग नीलाबाईनं रीत मोडली ती फुकटच गेली म्हणायची.

डोक्याकडची माती वीरण्णानं कुणाला काढू दिली नाही. त्यानं ती हातांनी बाजूला केली. मिठानं बरंच राखलं होतं. लोकांनी नाकाला पदर आणि रुमाल लावले. नीलाबाईनं लावला नाही. कपाळाचा चांद दिसला, तेव्हा रविकिरणनं टोपी काढली. तो नियमाचा माणूस, पण त्यानं टोपी काढली.

डॉक्टरांनी हातमोजे घातले आणि कान हातात घेतला. भोक होतं. "भोक हाय," त्या म्हणाल्या. रविकिरण म्हणाला, "भोक तर कुठल्याबी म्हशीला असतंय, मॅडम." आणि खरंच होतं ते. मी पदरातल्या पदरात ओरडत होतो. कान उलटा करा. अहो, उलटा करा ना!

त्यांनी कान उलटा केला. मागचे केस बाजूला सारले. चिकटलेली माती बोटानं खरवडली. आणि थांबल्या.

"मावशी, बिल्ला द्या."

नीलाबाईला पदराची गाठ सुटेना. सोमेश पुढं झाला, तर तिनं मान हलवली आणि दातांनी गाठ सोडली. डॉक्टरांनी मला घेतलं. कानामागं माझं बटण होतं, देठाच्या तुकड्यासकट. विळा तिरपा लागला होता, त्यामुळं कापही तिरपाच. माझा तिरपा काप त्या तिरप्या कापाला लागला, आणि कुठं फट राहिली नाही. आरपार पुन्हा एक झालो. तिच्या कानात, जिथं होतो तिथं.

रविकिरणनं फोटो काढले. एकदा, दोनदा, पुन्हा एकदा. मग म्हणाला, "आता कुनाचा बाप नाकारनार न्हाई." आणि जीभ चावली.

वीरण्णानं पुन्हा भस्म लावलं, पुन्हा माती लोटली. नीलाबाई मात्र तिथंच उभी. "नंबर कापा आदी."

धम्मप्रियांनी फोन काढला. रेंज नव्हती. त्या बांधावर चढल्या, नाही. महादेवाच्या देवळाच्या ओट्यावर गेल्या, तिथंही फोनवरचं चाक नुसतं फिरत राहिलं. मागून नीलाबाई, तिच्यामागं सारा गाव, चिखल तुडवत. डॉक्टरांनी हात उंच धरला. मग त्यांनी हात खाली घेतला.

"झालं, मावशी. नंबर बंद झाला."

"सुटली?"

"हाव. सुटली."

नीलाबाई ओट्यावर बसली. महादेवाकडं तिनं बघितलंही नाही. चिंचेच्या दिशेनं बघत राहिली.

पुराव्याचा बिल्ला फायलीला जोडावा लागतो, म्हणून मला त्या घरातून निघावं लागलं. नीलाबाईनं मला धुतलं, पुसलं आणि लिफाफ्यात टाकण्याआधी एकदा गालाला लावलं. घुंगरू घरात होतं, पण चंद्रीच्या अंगात राहिलेला असा मी एकटाच होतो, तोही तिनं दिला.

तेव्हापासून मी इथं आहे. पंचनामा मुदतीच्या शेवटच्या दिवसाचा, त्यात पुरलेलं जनावर. म्हणून आमची फाईल 'बघू' म्हणून बाजूला पडलेली. सोमेश बाजाराच्या दिवशी येतो. विचारतो, 'झालं का ओ?' उत्तर येतं, 'वर पाठवलंय.' तो जातो. मी पंख्याचा आवाज ऐकत राहतो. आपण पुरेसं सांगितलं का, फोटोत माझा काप नीट दिसतो का, हाच घोर.

हे सांगत होतो, तेवढ्यात आजही तो आला. आज रविकिरणही इथं कामाला आलेला. त्यानंच गठ्ठा उतरवला, फाईल काढली. आज कितीतरी दिवसांनी माझ्या लिफाफ्यावर उजेड पडला. पानं उलटल्याचा आवाज आला. मग रविकिरण म्हणाला, "सोमेश, मंजूर हाय. यादीत नाव आलं. खात्यावर येतील पैसे."

सोमेशनं तिथंच उभ्या उभ्या घरी फोन लावला आणि कचेरीतल्या गोंगाटात ऐकू यावं म्हणून आवाज मोठा ठेवला. "अव्वा, मंजूर झालं. म्हस आनायची."

पलीकडून नीलाबाईचा आवाज आला, सावकाश.

"आदी गोठा वर, चिंचेच्या अंगाला घ्यायचा. मग म्हस. न् दावं तयार हाय. अंबाडीचं वळलंय तुज्या अप्पानं. म्या रोज खुंट्याला सुरगाठ मारून बघते. एका ओढीत सुटतंय."

"अव्वा, खुंटा तर रिकामा हाय. रोज कशाला बघतीस?"

"हाताला सवय पायजे," ती म्हणाली.

सोमेशनं फोन ठेवला. रविकिरणनं लिफाफा फायलीत परत घातला आणि फाईल बंद केली. आता ती पुन्हा उघडायचं कारण नाही. माझं काम संपलं.

तुमच्या गोठ्यातही माझं एखादं भावंड असेल. त्याला कानात राहू द्या, वेळेला ते तुमच्या बाजूनं उभं राहील. पण ते फक्त साक्ष देऊ शकतं, गाठ सोडू शकत नाही. तेव्हा आभाळ भरून आलं, की जेवायला बसण्याआधी एकदा गोठ्यात जा. दाव्याला हात लावा. एका ओढीत सुटतंय का, तेवढं बघा.